टिल्लूचे मागचे पाय: एका डॅशहाउंडचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. घरात पाच माणसं: खत-बियाणांचं दुकान चालवणारे घरमालक, त्यांची पत्नी, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आजी. घर जुनं, दारात तीन पायऱ्यांचा ओटा. आतली फरशी मात्र दोन वर्षांपूर्वी बदललेली, चकचकीत. मागे ज्वारी-हरभऱ्याच्या पोत्यांची खोली. कुत्रा नर, आखूड केसांचा, तांबड्या रंगाचा डॅशहाउंड, वय साडेचार वर्षं. त्याचं नाव इथे टिल्लू ठेवलं आहे. घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पिल्लू दीड महिन्याचं असताना हैदराबादहून आणलं. विकणाऱ्याने सांगितलं ते एवढंच: आकाराने लहान राहतं, कमी खातं, लेकरांत रमतं. पिल्लाचे आई-बाप कुणी पाहिले नाहीत, त्यांच्या पाठीबद्दल विचारलंही नाही. चार वर्षांत घरच्यांच्या तीन तक्रारी पक्क्या झाल्या. परसातली प्रत्येक कुंडी उकरतो, दारावरून बैल गेला तरी गल्ली डोक्यावर घेतो, आणि हाक मारली की आधी ऐकतो, मग विचार करतो, मग जमलं तर येतो.

त्याचं वजन ११.८ किलो भरत होतं. त्याच्या हाडापेराला साडेआठ-नऊ किलो पुष्कळ झाले असते. सकाळी दूध-बिस्किट, दुपारी वरण-भाकरी, संध्याकाळी ज्याच्या ताटाशी बसेल त्याचा घास. पाचही जण त्याला आपापला एकेक घास देत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण कुठे फार देतो.

ही जात मुळात कशासाठी

वरच्या तीन तक्रारींत खोड एकही नाही, ती या जातीची नोकरी आहे. जर्मन भाषेत डाक्स म्हणजे बॅजर, जमिनीखाली लांबलचक बिळं खणून राहणारा, दहा-बारा किलोचा, जाड नख्यांचा प्राणी. हुंड म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरायचं, अंधारात त्याला कोंडून धरायचं आणि वर उभ्या शिकाऱ्याला आवाजावरून जागा कळेपर्यंत भुंकत राहायचं, हे या कुत्र्याचं काम. म्हणून आवाज अंगाच्या मानाने दुप्पट खोल, पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद, छाती पुढे आलेली आणि खोल. बिळात मालकाचा हुकूम पोचत नाही, निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. घरात आपण त्याला हट्टी म्हणतो तो हा गुण.

जर्मनीत या जातीचं पहिलं प्रमाण, म्हणजे आदर्श कुत्रा कसा असावा याचं वर्णन, १८७९ साली लिहिलं गेलं आणि १८८८ मध्ये तिचा स्वतंत्र क्लब निघाला. तिथले शिकारी तिला टेकेल म्हणतात. आखूड, लांब आणि तारेसारखे राठ असे केसांचे तीन प्रकार, आणि प्रत्येकात तीन आकार. लहान-मोठा प्रकार तिथे छातीच्या घेरावरून ठरतो, कारण प्रश्न बिळात मावण्याचा असतो. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या वर्गवारीत चौथा गट या एकाच जातीचा आहे. बाकी जगाने तिला गंमत म्हणून ओळखलं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभंकर वाल्डी हा रंगीबेरंगी पट्ट्यांचा डॅशहाउंडच होता.

मराठवाड्याला शिकारी कुत्रा नवा नाही. करवानी आणि पश्मी इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. पण ते माळावरचे, नजरेने हेरून लांब टांगांनी गाठणारे. टिल्लूची जात नेमकी उलटी, नाकाने शोधून जमिनीखाली शिरणारी. पश्मी सांभाळलेल्या माणसालाही डॅशहाउंड कळेलच असं नाही.

आखूड पाय हा पोसून वाढवलेला जनुकी बदल आहे. एफजीएफ-४ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत १८ व्या गुणसूत्रावर बसली आणि हातापायांची लांब हाडं लवकर वाढायची थांबली. हे २००९ मध्ये सापडलं. २०१७ मध्ये त्याच जनुकाची दुसरी जादा प्रत १२ व्या गुणसूत्रावर मिळाली, आणि तिचा संबंध थेट मणक्यातल्या गाद्यांशी लागला. निरोगी गादीचा गाभा भिजवलेल्या डिंकासारखा असतो. या जातीत तो वर्षभराच्या वयापासूनच कोरडा पडू लागतो, त्यात चुना साठतो आणि शेवटी खडूच्या चुऱ्यासारखा होतो. भोवतीची वादी एखाद्या दिवशी फाटली की तो चुरा वर उडतो. वर मज्जारज्जू असतो.

दर चार-पाच डॅशहाउंडांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, बहुधा तीन ते सात वर्षं वयात. छातीच्या वरच्या भागात दोन्हीकडच्या बरगड्यांना जोडणारा बंध गाद्यांवरून जातो, त्यामुळे तिथली गादी सहसा सरकत नाही. बरगड्या संपतात तिथून कमरेपर्यंतचा पट्टा धोक्याचा.

प्रसंग

जूनचा दुसरा आठवडा, पहिला पाऊस पडून गेलेला. काळ्या मातीच्या भेगा मिटू लागल्या की घुशी घराकडे सरकतात. पोत्यांच्या खोलीत एक घूस शिरली. टिल्लू दिवाणावर झोपला होता. वास लागताच त्याने खाली उडी टाकली, गुळगुळीत फरशीवर मागचा भाग घसरून अंग पिळलं, तरी तो तसाच खोलीत घुसून तासभर उकरत राहिला. उडी नेहमीचीच होती. मणक्यातली गादी त्याआधी कित्येक महिने खराब होत आली होती, उडी फक्त निमित्त.

संध्याकाळी तो ओट्याच्या पायरीशी उभा राहिला आणि चढेना. पाठ कमानीसारखी, पोट दगडासारखं ताठ, अंगाला कंप. उचलायला गेल्यावर ओरडला. आजींनी विचारलं, "आता हे कामून केकाटायलंय?" उत्तर सगळ्यांनी मिळून ठरवलं, पोट दुखतंय. इथे बहुतेक घरं चुकतात. पाठ दुखणारा कुत्रा पोटाचे स्नायू आवळून धरतो, त्यामुळे पोट ताठ लागतं. खरं पोटदुखीचं कुत्रं बहुधा खाणं सोडतं. टिल्लूने त्या रात्री भाकरी खाल्ली होती, फक्त भांडं जमिनीवर असल्याने मान खाली घालायला कुरकुर केली होती. ही खूण कुणाच्या लक्षात आली नाही.

पहिल्या रात्री ओव्याचं पाणी आणि घरात पडलेली डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची अर्धी गोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली अर्धी. दुपारी गावात जनावरांना इंजेक्शनं देत फिरणाऱ्या एकाने स्टेरॉइड टोचलं. त्याला आधीची गोळी कुणी सांगितली नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी टिल्लू एकदम बरा दिसू लागला. स्टेरॉइडने सूज आणि वेदना दबल्या होत्या, फाटलेली वादी तशीच होती. त्याला परसात मोकळं सोडलं. या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय हा. वेदना हाच त्याचा लगाम होता, तो काढून घेतला आणि वर मैदान दिलं. चौथ्या दिवशी मागचे पाय एकमेकांत अडकू लागले, पंजा उलटा पडू लागला. पाचव्या दिवशी पहाटे आजींनीच पाहिलं: "पाय ओढायलंय ते." कमरेपासून खालचं अंग फरशीवर घसटत होतं आणि मागे ओली रेघ उमटत होती.

तपासणी

त्या दिवशी दुपारी त्याला उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. मागचे पाय स्वतःहून अजिबात हलत नव्हते, पंजा उलटा ठेवला तर सरळ करत नव्हता. खरा कस लागला तो खोल वेदनेच्या तपासणीत. मागच्या पायाचं बोट चिमट्याने जोरात दाबलं. टिल्लूने पाय आखडून घेतला. मालकांना हायसं वाटलं, पण पाय आखडणं ही कण्याच्या खालच्या भागातली निव्वळ प्रतिक्रिया असते, वरचा मज्जारज्जू पूर्ण तुटला असला तरी ती होते. पाहायचं असतं ते तोंडाकडे. कुत्रा वळून बघतो का, ओरडतो का, चावायला येतो का. दुसऱ्यांदा दाबल्यावर टिल्लूने मान फिरवून चिमट्याला दात लावले. संवेदना मेंदूपर्यंत पोचत होती.

पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ही चौथी पायरी. पहिलीत फक्त वेदना, दुसरीत लटपटत का होईना चालणं, तिसरीत उभं राहता न येणं पण पाय थोडे हलणं, चौथीत हालचाल शून्य पण खोल वेदना शाबूत, पाचवीत तीही नाही. एक्स-रेमध्ये बरगड्यांच्या शेवटी एका जागी मणक्यांतलं अंतर कमी दिसलं आणि दोन गाद्यांत चुना. एक्स-रे एवढंच दाखवतो, मज्जारज्जू कुठे आणि किती दबला आहे हे एमआरआय किंवा सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

आणि ओली रेघ? घरच्यांनी आपणहून सांगितलं होतं, "लघवी होतेय की व्यवस्थित." हात लावल्यावर मूत्राशय मोसंबीएवढं टणक लागलं. ती लघवी नव्हती, भरलेल्या माठातून पाझर होता. नळीने मूत्राशय रिकामं केलं.

सहाव्या दिवशी सकाळी शी डांबरासारखी काळी आणि उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण. डायक्लोफेनॅक माणसाची गोळी, कुत्र्याच्या आतड्याला फार कडक. तिच्यावर स्टेरॉइड पडलं की जठराचं अस्तर दोन्हीकडून सोलवटतं. हिरड्या फिक्या पडल्या होत्या.

समोरचे पर्याय

शस्त्रक्रिया हा पहिला. मणक्याच्या कमानीची एक बाजू कापून गादीचा चुरा बाहेर काढतात. खोल वेदना शाबूत असलेल्या कुत्र्यांत दहापैकी नऊ पुन्हा चालतात, म्हणून चौथ्या पायरीला पशुवैद्य सहसा हेच सुचवतात. त्यासाठी स्कॅनसह पुणे किंवा हैदराबाद गाठायला हवं. फोनवर अंदाज मिळाला एक ते सव्वा लाखाचा. पैशांचा प्रश्न होताच, पण त्या दिवशी आडवा आला तो जठरातला रक्तस्राव. रक्त कमी, पोटात जखम, अशा अवस्थेत तीनशे किलोमीटरचा प्रवास आणि लांबलचक भूल यांचा धोका मोठा होता.

दुसरा पर्याय पिंजऱ्यातली सक्त विश्रांती. चौथ्या पायरीला तिचं यश शस्त्रक्रियेपेक्षा स्पष्टपणे कमी, वेळ जास्त, आणि राबणूक सगळी घरच्यांवर.

तिसरा आजींनी सुचवला, शेजारच्या गावचा हाडं बसवणारा. हे बाजूला ठेवलं. इथे हाड निखळलेलं नाही. फाटक्या वादीतून चुरा बाहेर आलेला असताना पाठ चोळली किंवा ताणली तर उरलेला गाभाही बाहेर येतो.

चौथा शब्द घरमालकांनी दबक्या आवाजात काढला: इंजेक्शन देऊन संपवावं का? खोल वेदना असेपर्यंत त्याची घाई करण्यासारखं काही नव्हतं.

ठरलं ते असं. आधी रक्तस्राव थांबवायचा, तोवर पिंजरा. रोज बोट दाबून पाहायचं. खोल वेदना मंदावली तर असेल त्या अवस्थेत गाडी काढायची, कारण ती गेल्यावर शस्त्रक्रियेनंतरही निम्म्याच्या आसपासच कुत्री चालतात आणि तिथे तास मोजावे लागतात. चार दिवसांनी रक्तस्राव थांबला तेव्हा खोल वेदना तशीच होती आणि शेपटीच्या मुळाशी किंचित हालचाल दिसू लागली होती. घरच्यांनी विश्रांतीच चालू ठेवली. हा निर्णय बरोबर होता का, यावर दोन मतं होऊ शकतात. शस्त्रक्रियेने तो लवकर आणि जास्त सरळ चालला असता, ही शक्यता मोठी आहे.

काय केलं

स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक दोन्ही बंद. सलाइन, जठरातलं आम्ल कमी करणारं पँटोप्रॅझोल, आणि जखमेवर थर धरणारं सुक्राल्फेट रिकाम्या पोटी, इतर औषधांपासून दोन तास लांब. वेदनेसाठी फक्त गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं औषध, किलोमागे सुमारे १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. खाणं मऊ भात, चिकनचं बिनमसाल्याचं पाणी, थोडं थोडं.

पिंजरा गावातल्या वेल्डिंगवाल्याने केला, ३ फूट बाय २ फूट, उंची २ फूट. उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, पण दोन पावलं चालता येऊ नये. सक्त विश्रांती म्हणजे हे. "खोलीत बंद ठेवलंय" ही विश्रांती नाही. दार पूर्ण रुंदीचं घेतलं, नाहीतर कुत्रा बाहेर काढताना पिळला जातो. तळाला दोन इंचांचा फोम, त्यावर रेक्झिन, त्यावर जुन्या वाकळेचे तुकडे, दिवसातून तीनदा बदलायचे. पिंजरा ओसरीत, कूलरच्या वाऱ्यात पण समोरासमोर नाही. वरून मच्छरदाणी. पावसाळ्यात ओल्या कातडीवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात, आणि बधिर कातडीवर कुत्र्याला ते कळत नाही.

उचलण्याची रीत मुलांनी सगळ्यांत लवकर उचलली. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ टेबलासारखी आडवी. काखेत धरून लोंबकळत उचलणं बंद.

मूत्राशय रिकामं करणं हे खरं अवघड काम. घरातल्या बाईंनी ते अंगावर घेतलं. कुत्र्याला गुडघ्यांच्या मध्ये उभं धरायचं, दोन्ही तळहात मागच्या मांड्यांच्या जरा पुढे पोटाच्या दोन बाजूंना, बोटं सपाट. आत गोल फुगा लागला की हळूहळू, एकसारखा दाब देत मागच्या दिशेला. धार सुरू झाली की दाब तसाच ठेवायचा, सोडून पुन्हा दाबायचं नाही. बोटांच्या टोकांनी दाबलं तर कुत्रा पोट आवळतो आणि धार येत नाही. पहिले तीन दिवस त्यांना निम्मीच लघवी निघत होती. सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री ११. नवव्या दिवशी लघवी गढूळ आणि उग्र वासाची झाली. नमुना तपासून प्रतिजैविक सुरू केलं. लघवी साचून राहिली की संसर्ग बहुतेक होतोच.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पायांचा व्यायाम. कुशीवर झोपवून घोटा, गुडघा, खुबा सावकाश वाकवायचे, प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा. बोटांच्या मध्ये हलक्या गुदगुल्या. पोटाखाली उपरणं घालून उभं धरायचं ते एक-दोन मिनिटंच.

काय झालं

तेराव्या दिवशी उजव्या पायाचं बोट हललं. लघवीवरचा ताबा तिसऱ्या आठवड्यात परत आला, आणि त्या घरात खरा आनंद झाला तो त्या दिवशी. चोविसाव्या दिवशी टिल्लू चार सेकंद स्वतःच्या पायांवर उभा राहिला आणि बाजूला कलंडला. सहा आठवडे पिंजरा पूर्ण केला. चौथ्या आठवड्यात, तो उभा राहतोय हे पाहून मुलांनी एकदा दार उघडं ठेवलं होतं, तेव्हा तो परसाच्या दारापर्यंत घसटत गेला. नुकसान झालं नाही, पण त्या दिवसापासून पिंजऱ्याला कुलूप लागलं.

सातव्या आठवड्यापासून पट्टा गळ्यात न घालता छातीचा हार्नेस घालून पाच मिनिटं चाल, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. ओट्याला सात फूट लांब लाकडी उतार केला, वर बारदाना ठोकला. फरशीवर रबरी पट्ट्या. दिवाणाखालची पोकळी विटांनी बुजवली आणि दिवाणावर टिल्लूला बंदी. पोत्यांच्या खोलीतलं घुशीचं बीळ काचेचे तुकडे घातलेल्या सिमेंटने बंद केलं. उकरण्यावर बंदी घालून भागणार नव्हतं, म्हणून चौथ्या महिन्यात आंब्याखाली ४ बाय ३ फुटांचा भुसभुशीत वाळूचा हौद केला, फक्त वीतभर खोल. त्यात मुलं फुटाणे पुरून ठेवतात.

चार महिन्यांनी वजन ९.१ किलो. फासळ्या हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत, हवं तसं. मातीवर चारशे-पाचशे मीटर चालतो. फरशीवर डावा मागचा पाय अजून आत वळतो आणि वळणावर ढुंगण भेलकांडतं. धावायला लागला की मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकतो.

वेगळं काय करता आलं असतं

पाठ कमानदार, पोट ताठ, चढायला नकार ही तीन लक्षणं डॅशहाउंडमध्ये एकत्र दिसली की त्याच रात्री त्याला फळकुटाने अडवलेल्या लहानशा जागेत ठेवायला हवं होतं. त्याला औषध लागत नाही, खर्च नाही. दुसऱ्या पायरीपर्यंतची बहुतेक कुत्री सक्त विश्रांतीवरच सुधारतात, आणि टिल्लू पहिले तीन दिवस पहिल्याच पायरीवर होता. माणसांची वेदनाशामकं, मग ती डायक्लोफेनॅक असो, आयबुप्रोफेन असो वा पॅरासिटामॉल, कुत्र्याला स्वतःहून द्यायची नाहीत. कुणी इंजेक्शन टोचायला आला तर आधी काय दिलं ते न विचारताच सांगायचं. इथे गोळी दिली नसती तर शस्त्रक्रियेचा पर्याय सहाव्या दिवशीही खुला राहिला असता.

बिळाचं एक वेगळंच. मराठवाड्यात बिळात घूस असेलच असं नाही. नाग असतो, घोरपड असते, साळिंदर असतं. घोरपड आणि साळिंदर पकडणं-मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शेतावर नेलेला डॅशहाउंड बांधाच्या बिळाशी मोकळा सोडू नये, त्याच्या भल्यासाठीही.

उरलेला निर्णय

पाचव्या महिन्यात नांदेडहून एकांनी टिल्लूला मादीसाठी मागितलं, बदल्यात एक पिल्लू. मुलांना ते हवं होतं. १२ व्या गुणसूत्रावरची ती प्रत या जातीत जवळपास सगळ्यांतच असते, त्यामुळे जनुक चाचणीने निवड फारशी होत नाही. उत्तर युरोपातल्या काही देशांत पैदाशीआधी, दोन ते चार वर्षं वयात पाठीचा एक्स-रे काढून चुना साठलेल्या गाद्या मोजतात आणि अशा गाद्या कमी असलेले कुत्रेच वापरतात. टिल्लूच्या एक्स-रेत अशा दोन तर पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या. घरमालकांनी एक्स-रेचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि नकार कळवला. पलीकडून विचारणा आली, त्यांच्या मादीचा एक्स-रे कुठे काढून मिळेल.